‘मधुमेह म्हणजे फक्त दाह’: या संदेशातलं काय खरं, काय घातक

सध्या फिरणारा संदेश थोडक्यात असा: मधुमेह हा साखरेचा आजार नाहीच, तो शरीरातल्या दाहाचा (इन्फ्लमेशनचा) आजार आहे. साखर मोजत बसू नका, सीआरपी (दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) तपासा, तो वाढला म्हणजे मधुमेह. दाह उतरवणाऱ्या गोळ्या घ्या, मधुमेह मुळापासून जाईल. इन्सुलिन सोडा.

यातला एक धागा खरा आहे आणि त्याच्याच आधारावर बाकीचं खपून जातं. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारं प्रथिन जास्त बनतं आणि ते अडवलं की इन्सुलिन चांगलं काम करतं, हे १९९३ साली दिसलं. माणसातही चरबी साठत गेली की तिच्यात मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि इन्सुलिनला अडथळा वाढतो. पण तेवढ्यानं साखर चढत नाही. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी जादा इन्सुलिन पुरवत राहिल्या तर साखर आटोक्यात राहते. त्या कमी पडल्या की टाइप २ मधुमेह होतो. टाइप १ चं प्रकरण निराळं. तिथे रोगप्रतिकारक यंत्रणा बीटा पेशीच नष्ट करते. दोन्हींना ‘दाह’ म्हणून एकाच पोत्यात भरणं चूक आहे. (संदेशाच्या काही प्रतींत ‘सूज’ म्हटलंय. पायावर बोट दाबल्यावर खळगा पडतो ती सूज पाणी साठल्याची. तिचा इथे संबंध नाही.)

‘सीआरपी वाढला म्हणजे मधुमेह’ हे तर साफ चूक. सीआरपी यकृतात बनतो आणि साधा ताप, हिरड्यांचा संसर्ग, संधिवात, धूम्रपान, लठ्ठपणा यांपैकी कशानंही वाढतो. कारण दूर झालं की साधारण १९ तासांत निम्म्यावर येतो. निदान साखरेवरच होतं: उपाशीपोटी १२६ मिग्रॅ/डेसिलिटर किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के किंवा जास्त. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारायचा नाही. दुसरी चाचणीही तेच सांगायला हवी.

दाहाचा निदानाशी खरा संबंध येतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि संदेशात नेमकं तेच नाही. न्यूमोनियासारख्या आजारात शरीर कॉर्टिसॉल आणि अॅड्रेनलिन ही साखर वाढवणारी संप्रेरकं सोडतं, त्यामुळे मधुमेह नसलेल्याचीही साखर २०० च्या वर जाऊ शकते. अशा वेळी एचबीएवनसी पाहायचं. ते ६.५ किंवा जास्त असेल तर मधुमेह बहुधा आधीपासूनचा. कमी असेल तर बरं वाटल्यावर काही आठवड्यांनी उपाशीपोटी पुन्हा तपासायचं. मात्र लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी खोटं वाढतं, आणि तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर खोटं कमी येतं. शिवाय तपासणीसाठी नळीत काढलेल्या रक्तातल्या पेशीही ग्लुकोज वापरत राहतात. नमुना तसाच ठेवला तर तासाला ५ ते ७ टक्के साखर घटते, आणि संसर्गामुळे पांढऱ्या पेशी फार वाढल्या असतील तर आणखी वेगानं. ही घट रोखण्यासाठी वापरतात ती सोडियम फ्लोराइडची राखाडी झाकणाची नळीसुद्धा पहिल्या तासा-दोन तासांतली घट पुरती थांबवत नाही. म्हणून प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) लवकर वेगळा करावा लागतो.

आता गोळ्यांकडे. सॅल्सालेट या दाहशामक औषधाची मोठी चाचणी २०१३ मध्ये आली. ४८ आठवड्यांत एचबीएवनसी नकली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी फक्त ०.३७ टक्के-अंकांनी कमी राहिलं. लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मात्र वाढलं. कॅनाकिनुमॅब हे दाहशामक औषध दहा हजारांवर हृदयरुग्णांच्या चाचणीत तपासून पाहिलं. सीआरपी घसरला, हृदयविकाराचे झटकेही कमी झाले, पण नव्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण घटलं नाही. सर्वात प्रबळ दाहशामकांपैकी एक म्हणजे स्टेरॉइड, आणि तेच साखर चढवतं! सकाळी प्रेडनिसोलोन घेणाऱ्याची उपाशीपोटीची साखर बरेचदा ठीक दिसते आणि दुपारनंतर भडकते. म्हणून त्यांनी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजावी. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक रोज घेतल्यानं मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीच्या गोळ्या सोबत चालू असतील तर तो धोका आणखी वाढतो.

सर्वात घातक वाक्य संदेशाच्या शेवटी आहे: ‘इन्सुलिन सोडा.’ टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबलं की एक-दोन दिवसांत, कधी काही तासांतच, रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारे पदार्थ) साठून आम्लता वाढते. कुणी असं करून बसलं असेल आणि उलट्या, पोटदुखी, खोल भरभर श्वास, श्वासाला फळांसारखा वास यातलं काही दिसत असेल, तर आकडा मोजण्यातही वेळ न घालवता त्याला थेट रुग्णालयात न्या.