अहो, खून दुपारी झाला होता!

शनिवारी रात्री साडेअकराला आमच्या वाड्याच्या दरवाजासमोर एक पोरगा बेंबीच्या देठापासून किंचाळला, ‘काका, मला वाचवा!’ पाठोपाठ वीस-पंचवीस जणांचं खिदळणं, आणि मग कुणाचा तरी लाडिक आवाज, ‘परत एकदा ना, माझा व्हिडिओच सुरू झाला नव्हता.’

तो परत एकदा किंचाळला.

पुण्यात शनिवारवाड्याजवळ, कसब्यात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नकोच. आठवडाभर मरमर करून जरा डोळा लागतो न लागतो तोच ही तिकीट काढून भुतं बघायला निघालेल्या ‘वॉक’वाल्यांची वरात येते. पुढे काळा झब्बा घातलेला गाइड, तोंडाशी माइक, कमरेला स्पीकर. अरे, चार हातांवर उभ्या असलेल्या माणसाला गोष्ट सांगायला स्पीकर कशाला? कुजबुजलास तर जास्त भीती वाटेल, एवढंही कळू नये भुतांचा धंदा करणाऱ्याला? मागच्यांच्या हातात सेलवर चालणारे कंदील. वर महापालिकेचा एलईडी डोळ्यांत घुसतोय आणि हे कंदील घेऊन चाललेत.

या खेपेला तर कहर झाला. गाइडसाहेब आमच्याच खिडकीखाली थांबले आणि आवाज खोल करून म्हणाले, ‘आता हळूच वर बघा. त्या खिडकीत मध्यरात्री एक वृद्ध स्त्री दिसते. पांढऱ्या साडीत. ती कुणाशी बोलत नाही. फक्त बघते.’

ती माझी आई आहे! चौऱ्याऐंशी वर्षांची. गुडघे ठणकतात, झोप लागत नाही, म्हणून खिडकीत बसते. आणि बोलत नाही? आमची आई? तिने वरूनच सुनावलं, ‘पांढरी साडी कुणाची रे मेल्या? अबोली गाऊन आहे. डोळे तपासून घे.’ खाली जी किंचाळाकिंचाळ झाली ती पार फडके हौदापर्यंत ऐकू गेली असेल.

मग मी उतरलो. बनियन, पायजमा, डोक्यावरचे उरलेसुरले केस उभे. दिंडी दरवाजा उघडला, बिजागरी करकरली (तेल घालायचंय, बायको दिवाळीपासून सांगतेय), आणि पहिल्या रांगेतली पोरगी शेजारच्याच्या गळ्यातच पडली. पंधरा मोबाइलचे दिवे माझ्या तोंडावर. मी ओरडलो, ‘काय तमाशा चाललाय?’ तर टाळ्या! मागून एक जण म्हणतो, ‘अ‍ॅक्टर भारी घेतलाय.’ आणि तो गाइड हात जोडून मला, ‘काका, दोनच मिनिटं.’

काका म्हणाला. म्हणजे या नाटकात मला कुठलं काम मिळालं ते बघा. अडीचशे वर्षांनी राघोबादादा बनियनवर प्रकटले.

झोपेचं एक वेळ सोडून देईन. (नाही सोडणार.) पण त्या थापा! ‘अमावास्येच्या काळ्याकुट्ट रात्री नारायणराव जिवाच्या आकांताने धावत सुटले…’ कसली रात्र? ३० ऑगस्ट १७७३, सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. शुद्ध त्रयोदशीला अमावास्या कुठून आणलीस, मामाकडून? आणि खून भर दुपारी झाला. शनिवारवाड्यात गणपती बसलेले, आणि थकलेल्या पगाराचं निमित्त करून गारदी, म्हणजे पेशव्यांचेच भाडोत्री शिपाई, आत घुसले. अठरा वर्षांचा पेशवा झालेला पोरगा चुलत्याला, राघोबादादांना, मिठी मारतो, दादांचा नोकर तुळाजी पवार त्याला ओढून काढतो, सुमेरसिंग गारदी वार करतो. मध्ये अंग घातलं ते सेवक चाफाजी टिळेकराने, तोही तिथेच गेला. त्याचं नाव गाइडच्या गावीही नाही. ‘ध चा मा’ला मात्र दहा मिनिटं, तेही आनंदीबाईचा आवाज काढून, डोळे गरागरा फिरवून. एका पोराला उभा कापला हो त्या वाड्यात! यात खिदळण्यासारखं काय आहे?

परत शनिवारवाड्याच्या तटाला हात लावून सांगतो, ‘याच दालनातून ते धावले.’ बाळा, ती बाहेरची भिंत आहे. आतली दालनं १८२८च्या आगीत जळाली, राहिले ते तट, दरवाजे आणि जोती. मग मस्तानीचे पैंजण. मस्तानी गेली १७४० साली, तिची समाधी पाबळला. ती रोज रात्री पाबळहून इथे येऊन पैंजण वाजवते म्हणे. आम्हाला इथे रात्री रिक्षा मिळत नाही.

या पेठेत कुणी फिरायचंच असेल तर रामशास्त्री प्रभुण्यांनी फिरावं. खुद्द राघोबादादांना ज्यांनी देहान्त प्रायश्चित्त सुनावलं, ते या तिकीटवाल्यांना काय सुनावतील, ऐकायला मी रात्रभर जागेन.

बरं, हे एकटे असते तर. यांच्याआधी प्रीवेडिंगवाले, आमच्या दरवाजाला टेकून एकमेकांच्या डोळ्यांत बघणारे. पाट्यांचे फोटो काढणारे. ‘येथे गाडी लावू नये’ या पाटीचा फोटो काढायला तिच्याचखाली गाडी लावणारे! ढोलवाले. वाडा विकायचाय का विचारणारे. मेट्रोने तर वर्षानुवर्षं पायाखालची जमीन हलवली, तेव्हा रात्री कपाटातली भांडी आपोआप वाजायची. त्या वेळी नाही आला कुणी तिकीट लावून.

भीतीच हवी असेल तर वर या, आईपाशी बसा. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तेव्हा ती वीस वर्षांची होती. नदीकाठच्या पेठांत पाणी कसं चढत गेलं, लोक काय काय टाकून पळाले, ओसरल्यावर गाळात काय सापडलं, हे ती सांगते तेव्हा माझ्याच अंगावर काटा येतो. पण तिला माइक द्यायचा नाही. तिला गरजही नाही.

चौकीत जाऊन आलो. हवालदाराने शांतपणे विचारलं, ‘तक्रार नेमकी कुणाविरुद्ध, माणसांविरुद्ध का भुतांविरुद्ध?’ घरी बायको म्हणते, चिडतोस कशाला, तिकिटात वाटा माग, दोन कलाकार आपल्या घरचे आहेत. आईने कालच विचारलं, येत्या शनिवारी किती वाजता येणारेत.

बरं, खून दुपारचा, तर तुमचा वॉक दुपारी काढा म्हणावं, तर दुपारी मी झोपतो. पहाटे आईचा डोळा लागतो. त्यापेक्षा तिथे खाली मेट्रोचं स्टेशन झालंय ना, जिने उतरून उतरून पाय मोडतात इतकं खोल. एसी आहे. तिकडे न्या तुमची सगळी भुतं.