बायपासनंतर पंधरा दिवसांत ओट्याशी? नाही!

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस एक मेसेज फिरतोय. हृदयविकार मुळात पुरुषांचा. बायकांची सहनशक्ती जास्त, म्हणून बायपासनंतर त्या पंधरा दिवसांत ओट्याशी उभ्या राहतात. आणि घरकाम हाच त्यांचा व्यायाम, वेगळं चालायची गरज नाही. गेल्या वर्षी माझ्या आईची बायपास झाली. मला गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा, हा पुरुषांचाच आजार. सर्जन रेने फावालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला पायातली शीर वापरून बायपास सुरू केली, तेव्हाची पहिली पेशंट ५१ वर्षांची बाई होती. पाळी जाईपर्यंत हार्मोन्समुळे थोडं संरक्षण मिळतं, त्यामुळे बायकांना हा आजार साधारण उशिरा गाठतो, इतकंच. त्यांच्याही छातीत दुखतं. पण धाप, मळमळ, जबडा-पाठदुखी, कमालीचा थकवा हेही बऱ्याचदा असतं. आई जिन्यात थांबायची आणि आम्ही दोन महिने ॲसिडिटीच म्हणत राहिलो.

आता सहनशक्ती. या ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापून तारांनी बांधतात. ते सांधायला सहा ते बारा आठवडे लागतात. मोडलेल्या हाताला प्लॅस्टर तरी असतं, छाती मात्र प्रत्येक श्वासाला हलते. खोकला आला की आई उशी छातीशी घट्ट धरायची. आणि ओट्याशी कामं कोणती? कुकर उतरवणं, कणीक मळणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं. सगळ्यांत दोन्ही हातांचा जोर, आणि ताण त्याच हाडावर. आईला दोन-अडीच किलोच्या वर उचलायला मनाई होती. भरलेला कुकर त्याहून जड असतो.

बायकांच्या जखमेचा आणखी एक प्रश्न कुणी मोठ्यानं बोलत नाही. स्तनांच्या वजनानं टाके दोन्हीकडे ओढले जातात. पुढून उघडणारी, तार नसलेली, आधार देणारी ब्रा घाला, हे डिस्चार्जच्या कागदावर नव्हतं. एका सिस्टरनं आईच्या कानात सांगितलं. मधुमेह असेल तर जखम चिघळायची भीती वाढते, आणि आईला तो आहे. छातीच्या आतली धमनी ग्राफ्टसाठी, म्हणजे तुंबलेल्या जागेला वळसा देणारी नवी वाट करायला, घेतल्यामुळे डावीकडे बधिरपणा, मुंग्या येतात. आईला वाटलं काहीतरी बिघडलंय, आणि डॉक्टर पुरुष म्हणून तिनं तीन आठवडे विचारलंच नाही.

घरकाम म्हणजे व्यायाम, हेही खोटं. चालणं ठरल्या वेगानं, हळूहळू वाढवत असतं. आई आधी घरातच पाच-पाच मिनिटं चालली; दीड महिन्यानं तलावपाळीची अर्धी फेरी. दुपारी तिला उगाच रडू यायचं. बायपासनंतर पुष्कळांना असं होतं. त्याबद्दलही डॉक्टरांना सांगायचं असतं.

आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकूंचं ऑपरेशन सोमवारी आहे. त्यांच्या सुनेला मी हे सगळं कळवलंय. ज्यांनी तो मेसेज टाकलाय, त्यांनी कृपया आजच काढावा.