डबीत काही नसतं, साहेब!

लहान ऑफिसांत थिन क्लायंट, म्हणजे पीसीच्या जागी ठेवायच्या छोट्या डब्या, बसवणं हा माझा धंदा. वायरी ओढणं सोपं. अवघड असतं ते मॅनेजरसाहेबांना पटवणं की टेबलावरच्या डबीत काही नसतं. हार्ड डिस्क नाही, पंखासुद्धा नाही. व्याज, खतावणी, ताळेबंद सगळं आतल्या खोलीतला सर्व्हर करतो. डबी नुसतं चित्र दाखवते आणि दाबलेली बटणं सर्व्हरला कळवते. "मग काही नसण्याचे एवढे पैसे?" या प्रश्नाला तंत्रज्ञानात उत्तर नाही.

तालुक्याच्या एका पतसंस्थेत अशा डब्या लावल्या. डबी चालू झाली की नेटवर्कवर हाळी देते : मला पत्ता द्या, बूट फाइल, म्हणजे सुरू व्हायला लागणारी फाइल, कुठे आहे ते सांगा. सर्व्हर दोन्ही देतो. पण इंटरनेटवाल्याचा राउटर भलता उत्साही. तोच आधी ओ देतो, पत्ता वाटतो आणि फाइलचं नावही काढत नाही. पडद्यावर 'पीएक्सई-ई५३', म्हणजे 'बूट फाइलचं नाव मिळालं नाही', असं उमटतं आणि कॅशियरबाई जाहीर करतात, "नव्या मशिनला व्हायरस लागला!" राउटरचं पत्तेवाटप बंद केलं की झालं. फक्त त्याचा पासवर्ड इंटरनेटवाल्याकडे, आणि इंटरनेटवाला मेहुणीच्या लग्नाला.

तरी डब्या शेवटी ऐकतात. प्रिंटर कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

संचालक मंडळाने काटकसरीचा ठराव केला : जुनाच प्रिंटर यूएसबीने बाईंच्या डबीला जोडा. म्हणजे कुणीही प्रिंट दिली तरी ती सर्व्हरवरून निघून बाईंच्या डबीच्या ९१०० नंबरच्या पोर्टात, म्हणजे छपाईसाठीच्या नेटवर्कच्या दारात, शिरणार, मग कागदावर. बाई रजेवर गेल्या, जाताना शिस्तीत डबी बंद करून गेल्या. अख्ख्या संस्थेची छपाई रजेवर!

मग ठराव फिरला. नेटवर्कचा प्रिंटर आला आणि मला न विचारता जोडलाही गेला. कायमचा पत्ता त्याला कोण बांधून देणार? लाइट गेली, आली, प्रिंटरला नवा पत्ता मिळाला आणि जुना साहेबांच्या मोबाइलला. वार्षिक सभेची नोटीस त्या मोबाइलकडे निघाली; मोबाइल दाद देईना. "प्रिंट येत नाही" म्हटल्यावर आपल्याकडे एकच उपाय, पुन्हा प्रिंट द्यायची. तो सगळ्यांनी आळीपाळीने केला.

मी पत्ता बांधला, तर प्रिंटर दिवा लुकलुकवत लेटर मापाचा कागद मागू लागला. आपला ए४ २९७ मिलिमीटर उंच, अमेरिकेचं लेटर २७९; आकडेसुद्धा मुद्दाम फिरवल्यासारखे! माप बदललं. तुंबलेल्या साऱ्या नोटिसा धडाधड बाहेर आल्या, पण जुन्या पीसीवरचा मराठी फॉन्ट सर्व्हरवर नव्हता, त्यामुळे 'वार्षिक सर्वसाधारण सभा'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं.

मी फॉन्ट टाकेपर्यंत शिपायाने तो गठ्ठा पंच करून फाइलला लावलाही होता. ऑडिटरने मागितला तर असावा म्हणून.