कातारी बेबेल आणि वर्गणीचा आरोप

जर्मन समाजवादी पक्षाचे नेते ऑगस्ट बेबेल यांच्याविषयी एक मजकूर बराच फिरतो आहे: ‘हा जर्मन सुतार हत्यारं टाकून राजकारणात शिरला, कामगारांच्या वर्गणीवर जगला आणि झुरिचच्या तळ्याकाठी बंगला बांधून बसला.’ यात बंगला तेवढा खरा.

‘सुतार’? नव्हे, कातारी, म्हणजे लेथवर लाकूड-शिंग कातून वस्तू घडवणारा. वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत आईवडील दोघेही गेलेला हा मुलगा 1854 मध्ये वेट्झलारला कातारकाम शिकू लागला, गावोगाव काम करत 1860 मध्ये लाइप्झिगला आला आणि 1864 मध्ये त्याने स्वतःचं दुकान थाटलं. माल काय, तर म्हशीच्या शिंगाच्या दार-खिडक्यांच्या मुठी. शिंग बुडाशी पोकळ असतं, भरीव भाग टोकाकडे. मुठीला तोच लागतो. वाकडं शिंग सरळ करायचं तर उष्णतेने मऊ करून दाबात ठेवायचं आणि सावकाश वाळवायचं. घाई केली की मूठ पुढे वाकते नाहीतर तिचे पापुद्रे सुटतात. लेथवर हत्याराची धार गेली तर घासून शिंग करपतं आणि केस जळल्यासारखा वास सुटतो, कारण केस आणि शिंग एकाच द्रव्याचे. असल्या कामावर रोज कुणीतरी जाणतं लक्ष ठेवणारं लागतं.

‘हत्यारं टाकली’? 1867 मध्ये ग्लाउखाउ-मेराने मतदारसंघातून संसदेवर निवडून आल्यावरही दुकान चालूच होतं. 1876 मध्ये भागीदार घेऊन त्याचा वाफेवर चालणारा कारखाना झाला. 1884 मध्ये भागीदारी सोडल्यावर बेबेल त्याच मालाचे फिरते विक्रेते झाले. धंद्याशी संबंध सुटला तो 1889 मध्ये, म्हणजे निवडून आल्यानंतर 22 वर्षांनी.

‘वर्गणीवर जगला’ हा आरोप सगळ्यात अन्यायाचा. तेव्हाच्या जर्मन राज्यघटनेच्या कलम 32 नुसार संसद सदस्यांना पगार घ्यायला मनाई होती; भत्ता सुरू झाला 1906 मध्ये, वर्षाला 3000 मार्क. पक्ष आपल्या सदस्यांना थोडी मदत करत असे, हे खरं. पण घर उभं राहिलं ते दुकानावर आणि त्यांच्या पत्नी यूलिए बेबेल यांच्यावर. 1870 च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठीच्या कर्जाला बेबेल यांनी जुलैत पाठिंबा दिला नाही, नोव्हेंबरमध्ये विरोधात मत दिलं आणि डिसेंबरमध्ये ते गजाआड गेले. 1872 च्या लाइप्झिग खटल्यात देशद्रोहाच्या कटाबद्दल दोन वर्षं किल्ल्यातली कैद, सम्राटाच्या अवमानाबद्दल आणखी नऊ महिने. या काळात दुकानातल्या मालाच्या मागण्या, हिशेब, कारागीर सगळं यूलिए यांनी सांभाळलं, पदरी लहान मुलगी असताना. मजकूर लिहिणाऱ्याने त्यांचं नावही घेतलेलं नाही, याचा राग येतो. कोर्टाने बेबेल यांची संसदेतली जागाही काढून घेतली होती. 1873 च्या पोटनिवडणुकीत त्याच मतदारांनी तुरुंगातल्या उमेदवाराला पहिल्यापेक्षा मोठ्या मताधिक्याने निवडून दिलं.

राहिला बंगला. तो झुरिचच्या तळ्याकाठच्या क्युस्नाख्ट गावातला, 1890 च्या दशकातला. तोवर 1879 मध्ये निघालेलं आणि समाजवादविरोधी कायद्याखाली बंदी आलेलं ‘स्त्री आणि समाजवाद’ हे त्यांचं पुस्तक धडाक्याने खपत होतं. त्यांच्या हयातीतच त्याच्या 50 आवृत्त्या निघाल्या. पुस्तकाच्या मानधनाला वर्गणी म्हणत नाहीत.