लांडग्याची बाजू

लेकीकडे न्यू जर्सीला आले तेव्हा वाटलं होतं, इथे स्वयंपाक जावई बघतो, भांडी मशीन घासतं, आपल्याला काम काय तर रात्री नातीला गोष्ट सांगून झोपवायचं. त्यात काय एवढं, दोन पोरं वाढवलीयत. पण नात सहा वर्षांची आहे आणि तिच्याकडे लायब्ररीचं कार्ड आहे, आणि इथली लायब्ररी पोरांना पिशवी भरभरून पुस्तकं देते, कोणी हटकत पण नाही.

पहिल्याच रात्री हातात आलं ते तीन डुकरांचं. म्हटलं ही तर पाठ आहे, गवताचं घर, काटक्यांचं घर, विटांचं घर, दोन फुंकरा आणि झोपा. उघडलं तर लांडगाच बोलायला लागला! जॉन शेस्काचं १९८९ चं पुस्तक, इकडे भलतंच फेमस. लांडगा म्हणतो, मी आपला आजीच्या वाढदिवसाचा केक करत होतो, साखर संपली म्हणून वाटीभर मागायला शेजारी गेलो, त्यात सर्दी झालेली, आली शिंक, पडलं घर, आता याला मी काय करू? आणि डुक्कर आत मेलेलंच होतं, मग टाकून कसं द्यायचं, खाल्लं. ताटात टाकायचं नाही हे मी स्वतः या पोरीला रोज सांगते, त्यामुळे मला तर काही बोलताच येईना. पुढे पेपरवाल्यांनी मीठमसाला लावून बातमी छापली आणि बिचारा जेलमध्ये.

"आजी, त्याला फ्रेम केलं," नात म्हणाली. म्हणजे उगाच खोट्यात अडकवलं. डोळे टक्क उघडे. झोप गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकं पलंगाखाली सरकवली, लाइट बंद केला आणि आपली घरची गोष्ट काढली. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. (तीन डुकरांचंच आपल्याकडचं भावंड, फक्त आपल्याकडे विटा नाहीत.) मोठ्ठा पाऊस आला, काऊचं घर गेलं वाहून, चिऊताई चिऊताई दार उघड, थांब माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते. मी अगदी रंगात आलेले आणि अंधारातून आवाज, "तीट लावायला किती मिनिटं लागतात?" म्हटलं लागतात दोनेक. "मग काऊ इतका वेळ पावसात का?" मी गप्प. "काऊला सर्दी झाली असेल, आजी. मग त्याला शिंक आली असेल. मग चिऊचं घर..." मी घाईघाईने चिऊकडून दार उघडवलं, दोघांना खीर खायला घातली आणि गोष्ट आवरली. आमच्या लहानपणी काऊला तापलेल्या तव्यावर बसवायचे, ते मी चक्क गाळलं.

तिसऱ्या रात्री तीन गरीब लांडगे आणि एक दांडगं डुक्कर, १९९३ चं. हे डुक्कर विटांचं घर घणाने फोडतं, काँक्रीटचं ड्रिल लावून, आणि तिसऱ्याला तर सरळ डायनामाइट. सगळे आवाज आजीने काढायचे. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चाललंय म्हणून तर मी इकडे पळून आलेय, तर इथे रात्री नऊ वाजता तोंडाने ड्रिल चालवतेय! कागदी पिशवी घालून ड्रॅगनला दमवणारी ती १९८० च्या पुस्तकातली राजकन्या मात्र मला आवडली. राजपुत्र सोडवल्याबद्दल थँक्यू म्हणायचं सोडून तिच्या कपड्यांना नावं ठेवतो, ती लग्नच मोडते. छान केलं.

पण रोज रोज कोण सहन करणार, एकदा नाश्त्याला मी म्हटलंच, मूळ गोष्टी चांगल्या आहेत ना, त्या कशाला उलट्या-पालट्या करायच्या? जावई म्हणाले, "आई, मूळ म्हणजे कुठली?" आणि फोन काढला. जावयाने फोन काढला की समजायचं आपण हरलो. लाल टोपीवाली म्हणे पेरो नावाच्या फ्रेंच लेखकाच्या १६९७ च्या पुस्तकात लांडग्याच्या पोटात जाते आणि तिथेच गोष्ट संपते, पोट फाडून तिला बाहेर काढणारा शिकारी १८१२ मध्ये ग्रिम बंधूंकडे येतो. म्हणजे मी जी मूळ म्हणून सांगत होते ती पण कोणीतरी दुरुस्त केलेलीच.

"आणि हे ऐका," जावई हसायलाच लागले. तीन अस्वलांच्या घरात शिरणारी ती सोनेरी केसांची गोड मुलगी, ती मुळी मुलगीच नव्हती. रॉबर्ट सदी या इंग्रज कवीने १८३७ मध्ये गोष्ट छापली तेव्हा ती होती एक म्हातारी. आगाऊ, तोंडाळ म्हातारी. तिघांच्या घरात न विचारता घुसते, लापशी चाखून नावं ठेवते, धाकट्याची वाटी चाटूनपुसून संपवते, त्याची खुर्ची मोडते आणि त्याच्याच पलंगावर ताणून देते. पुढे खिडकीतून उडी मारते, तिचं काय झालं ते सदी नक्की सांगत नाही, कदाचित पोलिसाने बेघर भटकी म्हणून पकडून नेली असेल म्हणतो. (माझा व्हिसा सहा महिन्यांचा आहे.)

टेबलावर शांतता. लेक, जावई, नात. तिघं. मी नातीच्या छोट्या खुर्चीवर बसलेले, कारण गुडघ्यांना तीच बरी पडते, आणि ती परवापासून करकरतेय. माझ्यापुढे नातीचे उरलेले ओट्स, टाकवत नाहीत म्हणून घेतलेले. झोपते मी तिच्याच खोलीत, तिच्याच पलंगावर, ती खाली गादीवर.

नातीने माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. लेक मान खाली घालून चहात हसत होती, दिसत होतं मला.

"आजी," नात म्हणाली, "आता म्हातारीची बाजू सांग."

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, सगळ्यात आधी म्हणजे, त्या लापशीत मीठ नव्हतं.