‘८०८० उघडा, राऊटर कुठूनही चालवा’? आधी वॅन आयपी बघा

आमच्या भांडुपच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज चौथ्यांदा फिरतोय: “केबलवाल्याची मनधरणी कशाला? राऊटरमध्ये ८०८० पोर्ट १९२.१६८.१.१ ला फॉरवर्ड करा, गावाहूनही राऊटर उघडतो. ८० ऐवजी ८०८० ठेवलं की कुणाला सापडत नाही. शिवाय नॅट म्हणजे फायरवॉलच.” (पोर्ट म्हणजे पत्त्यावरचं क्रमांकाचं दार; वेबपानांचं नेहमीचं दार ८०. फॉरवर्ड म्हणजे त्या दारावर आलेल्याला आतल्या ठरावीक यंत्राकडे धाडणं. १९२.१६८.१.१ हा राऊटरचा घरातला पत्ता. नॅट म्हणजे बाहेरच्या एकाच पत्त्यावर अनेक यंत्रं चालवायची सोय, आणि फायरवॉल म्हणजे नको त्याला अडवणारा पहारेकरी.)

गावाहून उघडतो? तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हे सगळं केलं, गणपतीला कणकवलीला गेले आणि तिथून काही उघडेना. परत आल्यावर त्यांच्याकडे बसलो. म्हटलं, “काका, स्टेटसच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राऊटरला दिलेला बाहेरचा पत्ता, वाचा बघू.” “शंभर, टिंब, एक्याऐंशी…” पुढचं ऐकलंच नाही. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते २०१२ साली इंटरनेट कंपन्यांच्या सामाईक नॅटसाठी राखून ठेवले गेले. एका खऱ्या पत्त्यामागे अनेक घरं! चाळीच्या मुख्य दरवाजालाच कुलूप. काकांनी आपल्या खोलीचं दार कितीही सताड उघडलं तरी पाहुणा रस्त्यावरच. वॅन आयपी १० ने सुरू होत असेल तरी तीच कथा. कंपनीकडून पब्लिक आयपी मिळाला तरच पुढचं बोलायचं. आणि तपासताना घरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तपासा.

फॉरवर्डिंग हे राऊटरमागच्या कॅमेऱ्यासाठी, त्याचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डीव्हीआरसाठी. राऊटरच्या स्वतःच्या पानाला रिमोट मॅनेजमेंट हा वेगळा पर्याय असतो. कंपनीने बसवलेल्या डबीमागे (मोडेम-राऊटरमागे) आपला दुसरा राऊटर असेल तर मात्र डबीत फॉरवर्डिंग लागतं.

८०८० सापडत नाही, हे तर हसण्यावारी न्यावं. झीमॅप नावाच्या साधनाने २०१३ मध्येच एका पोर्टसाठी अख्खं आयपीव्ही४ (असेच चार आकड्यांचे पत्ते असलेलं) इंटरनेट पाऊण तासाच्या आत चाळून दाखवलं होतं. आणि ८० नंतर कुणीही ८०८० च ठोठावतो.

नॅट अनाहूत पाहुण्याला अडवतं खरं, कारण त्याची नोंद तक्त्यात नसते. फॉरवर्डिंगचा नियम लिहून ती नोंद आपणच करतो. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने असेच टेलनेट (दुरून हुकूम द्यायची जुनी सोय) उघडे असलेले कॅमेरे आणि राऊटर फॅक्टरीतल्या पासवर्डनिशी ताब्यात घेतले होते.

गरजच असेल तर राऊटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन (घरापर्यंतचा कुलूपबंद बोगदा) लावा आणि तेवढा एकच यूडीपी पोर्ट उघडा; ओळखीची किल्ली नसेल तर तो उत्तरही देत नाही. सामाईक नॅटमागे असाल तर घरातूनच बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरला बोगदा जोडायचा.

काकांना विचारलं, गावाहून राऊटर हवाच कशाला? तर नातवाचं वायफाय रात्री दहाला बंद करायला. पेरेंटल कंट्रोलमध्ये वेळ लावून दिली, चहा येईपर्यंत काम झालं.