हातकागदापुढे हात टेकले

रद्दीवाल्याने माझी २२ वर्षांची वीजबिलं काट्यावर टाकली आणि जो आकडा सांगितला, त्यात विश्रामबागेतून गणपती मंदिरापर्यंत रिक्षासुद्धा आली नसती. मी बाणेदारपणे गठ्ठा परत घेतला. "आम्ही घरीच कागद करू याचा!" बोललो रद्दीवाल्याला, पण ऐकलं हिने. आता माघार नव्हती.

कृती ऐकायला सोपी. तंतू भिजवायचे, कुटायचे, पाण्यात सोडायचे, जाळीवर उचलायचे, वाळवायचे. डिंकसुद्धा लागत नाही; पाणी उडून जाताना तंतूच एकमेकांना धरून बसतात. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था निघाली ती काही उगीच नाही. फरक एवढाच, की तिथे लगदा कुटायला यंत्र आणि माझ्याकडे हिचा मिक्सर, तोही ती देवळात गेली तरच.

नुसत्या रद्दीचा कागद मात्र दुबळा होतो. एकदा कागद होऊन गेलेले तंतू पुन्हा कुटले की आणखी आखूड होतात. जोडीला दमदार काहीतरी हवं. सगळ्यांत उत्तम म्हणजे सुती चिंध्या. मी हिच्या जुन्या मऊ साडीकडे नुसतं बघितलं.

"ती नातवाच्या वाकळेची आहे," ही म्हणाली. "हात लावून बघा."

लावला नाही. सांगलीत उसाला काय तोटा, म्हणून रसवंतीवर चिपाडं मागायला गेलो.

"न्या की काका. किती म्हसरं हायती?"

"एकच," असं सांगून पोतं उचललं.

चिपाडं धुण्याच्या सोड्यात उकळायची असतात. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात उकळायची नसतात, हे मला पातेल्याने सांगितलं. चिपाडं मऊ पडायच्या आत ते काळंठिक्कर पडलं. वासाने शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. "गुऱ्हाळ काढलं काय ओ?" त्यांच्या आधी मुंग्या येऊन गेल्या होत्या.

राहिली चौकट. घरात योग्य मापाची एकच होती, निवृत्तीच्या दिवशी कचेरीने दिलेल्या मानपत्राची. काच काढून डासांची जाळी ठोकली. मानपत्राचं काय करायचं, हा विचार मी फार वेळ केला नाही. बिलांबरोबर तेही मिक्सरमध्ये गेलं. अर्ध्यातच फाटकाची कडी वाजली, म्हणून वाटण जरा जाडसर राहिलं.

कपड्यांच्या टबात लगदा कालवून पहिला कागद उचलला. घावनासारखी जाळी पडली होती. दुसरा थालीपीठ झाला. खरी कसोटी पुढे असते: तो ओला थर चौकटीवरून फडक्यावर उपडा घालायचा. हात कापला की संपलं. माझा हात वयाने कापतो, त्यात स्वयंपाकघराच्या दारात ही उभी. ११ प्रयत्नांत ५ कागद सुटले. त्यांच्यावर फळी, फळीवर गव्हाचा डबा, आणि पाणी निथळल्यावर गच्चीत, साबुदाण्याच्या पापड्यांशेजारी. एका कावळ्याने दोन्हींची चव घेतली आणि पापडी उचलली.

वाळलेला कागद मात्र, खोटं कशाला सांगू, देखणा होता. राखाडी रंग, मधूनमधून उसाचे सोनेरी धागे. मी शाईचं पेन काढून ऐटीत सही केली. सही पसरत पसरत रुपयाएवढी झाली. कागदाला खळ द्यायची असते, नाहीतर तो टिपकागदासारखा शाई पितो. हे मला कृतीच्या दुसऱ्या पानावर सापडलं. पहिलं पान वाचूनच मी कामाला लागलो होतो.

संध्याकाळी पाऊस आला. हिने कांदाभजी तळली आणि ताटात माझाच एक कागद अंथरून त्यावर काढली. मी काही बोललो नाही. पातेलं अजून मोरीत होतं. तेल असं काही जिरलं म्हणता, की भजी हाताला कोरडी लागली. तेलाने कागद हळूहळू आरपार दिसू लागला आणि लगद्यात न वाटलेला एक तुकडा भज्याखालून वर आला. चष्मा लावून वाचलं. 'कर्तव्यदक्ष' एवढंच होतं.

"अहो," ही झारा घेऊन आली, "आणखी एक आणा. हा भरला."